हजेरीची दुसरी वही

आपल्या शाळेत दिवसातून पाच वेळा मोजणी होते. पहाटे पीटीच्या फॉल-इनला, वर्गात, खेळाच्या मैदानावर, संध्याकाळी प्रेपला आणि लाईट्स आउटच्या आधी. हाऊस कॅप्टन परेड स्टेट देतो: एकूण इतके, हजर इतके, एम. आय. रूममध्ये दोन, रजेवर एक. आकडे जुळले नाहीत, तर ते जुळेपर्यंत कोणी जागचे हलत नाही. सहावीपासून मी हे रोज ऐकतो आहे. हजर नसलेला कॅडेट नक्की कुठे आहे, हे आपल्याकडे पाच मिनिटांत कळते.

माझी ताई जिथे शिकवते, तिथे ते कळायला कधी कधी महिना लागतो.

ताई मागच्या वर्षी जुलैमध्ये भिलाईच्या एका सरकारी पूर्व माध्यमिक शाळेत गणिताची शिक्षिका म्हणून रुजू झाली. छत्तीसगडमध्ये सहावी ते आठवीच्या शाळेला असे म्हणतात. पहिल्या दिवशी तिने सातवीची हजेरी घेतली. पटावर ५८ नावे होती आणि ‘हाँ मैडम’ म्हणणारे २१. उरलेली ३७ मुले कुठे आहेत, हे तिने शेजारच्या वर्गातल्या सरांना विचारले. ते म्हणाले, “येतील हळूहळू.”

ज्यांनी भिलाई पाहिलेली नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. १९५५ साली सोव्हिएत रशियाशी करार होऊन येथे पोलादाचा कारखाना उभा राहिला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. दल्ली-राजहराच्या खाणीतून लोहखनिज येते आणि त्याचे रूळ होऊन ते देशभर जातात. आपण सुट्टीला घरी जातो, तेव्हा आपली गाडी बहुधा भिलाईच्या रुळांवरूनच धावत असते. २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलात दाखल झालेल्या ‘विक्रांत’च्या खास पोलादातही भिलाईचा वाटा आहे, हे मी हाऊसमध्ये सगळ्यांना निदान दहा वेळा तरी सांगितले असेल.

आजोबा गोंदियाहून १९६१ साली रेल मिलमध्ये कामाला आले. महाराष्ट्र, आंध्र, ओडिशा, बिहार, केरळ अशा सगळीकडून माणसे आली, म्हणून भिलाईला ‘लघु भारत’ म्हणतात. कारखान्याने कामगारांसाठी सेक्टर वसवले. रुंद रस्ते, झाडे, बागा, दवाखाने आणि शाळा. ताई व मी तिथेच वाढलो. पण ज्यांना कारखान्यात कायमची नोकरी मिळाली नाही, तेही भिलाईतच राहिले. ते रुळांच्या पलीकडे कॅम्प, सुपेला, खुर्सीपार या वस्त्यांत राहतात आणि ठेकेदाराकडे, दुकानांत, हातगाड्यांवर किंवा सेक्टरमधल्या घरांत काम करतात. ताईची शाळा रुळांच्या पलीकडे आहे. आमच्या घरापासून स्कूटीवर वीस मिनिटे.

ताईने बी. एड. केले, शिक्षक पात्रता परीक्षा दिली, मग व्यापमची स्पर्धा परीक्षा. निकाल लागला तेव्हा आईने सगळ्या शेजाऱ्यांना पेढे वाटले होते. शाळेत पहिल्या आठवड्यात तिला मिळाले ते एका कपाटाची किल्ली, खडूंचा डबा आणि तिन्ही वर्गांचे गणित. विज्ञानाची जागा रिकामी होती, म्हणून विज्ञानही. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी ३५ मुलांमागे एक शिक्षक असा नियम आहे. ताईच्या शाळेत एकाच खोलीत दोन वर्ग बसत होते. एका वर्गाला अपूर्णांक शिकवताना दुसऱ्या वर्गाचा इतिहास ऐकू येई. ऑगस्टमध्ये तिचा आवाज बसला. फोनवर ती इतकी घोगरी बोलायची, की मला वाटे लाइन खराब आहे. सप्टेंबरात मतदार याद्यांचे काम आले. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही शिकवण्याबाहेरची कामे शिक्षकांना कायद्यानेच देता येतात. ताई वस्तीत घरोघर याद्या घेऊन फिरली. पुढे त्या फिरण्याचाच उपयोग झाला.

दिवाळीला आपली सुट्टी लांब असते आणि तिची लवकर संपते. त्यामुळे प्रधानपाठकांची परवानगी घेऊन मी सहा दिवस तिच्या वर्गात मागे बसलो. मुले मला ‘फौजी भैया’ म्हणू लागली. माझे केस पाहून असेल.

हजेरी सुरू झाली, की ताई समोर दोन वह्या ठेवायची. एक सरकारी हजेरीपट. त्यात ‘उपस्थित’ किंवा ‘अनुपस्थित’ एवढेच लिहिता येते. दुसरी तिने स्वतः आखलेली शंभर पानी वही. एखाद्या नावाला उत्तर आले नाही, की ती वर्गाला विचारायची, “कुठे आहे?” एक मुलगी छत्तीसगढीत म्हणाली, “मैडम, वोहा धान लुए बर गे हे.” म्हणजे तो धान कापायला गेला आहे. कापणीच्या दिवसांत कुटुंबेच्या कुटुंबे गावी जातात आणि मुलेही बरोबर जातात. ताईने त्या नावापुढे ‘धा’ लिहिले. घरी धाकटे भावंड सांभाळणाऱ्यांसाठी ‘भा’, कामावर जाणाऱ्यांसाठी ‘का’, आजाऱ्यांसाठी ‘आ’. ज्याच्याविषयी कोणालाच काही सांगता येत नाही, त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह.

जुलैच्या पानावर प्रश्नचिन्हेच प्रश्नचिन्हे होती. ऑक्टोबरच्या पानावर ती सहा उरली होती. ते पान पाहताना मला आपले परेड स्टेट आठवले. फरक एवढाच, की आपल्याकडे बिगूल आहे, कुंपण आहे आणि शिक्षा आहे. ताईजवळ यातले काही नव्हते. तिने एकेक नाव विचारून विचारून शोधले होते.

दुसरी अडचण वर्गात हजर असलेल्यांची होती. सातवीतली बरीच मुले दुसरीच्या पुस्तकातला उतारा सलग वाचू शकत नव्हती. घरी कोणी छत्तीसगढी बोलतो, कोणी तेलुगू, कोणी उडिया, कोणी भोजपुरी. पुस्तक मात्र हिंदीत. आठवीत एक मुलगा होता. त्याचे वडील सुपेल्याच्या रविवारच्या बाजारात भाजीचा गाडा लावतात आणि तो त्यांच्या हाताखाली असतो. टोमॅटो चाळीस रुपये किलो, तर सव्वा किलोचे किती, असे विचारले की ताईचा प्रश्न पुरा व्हायच्या आत तो ‘पचास’ म्हणायचा. तोच प्रश्न फळ्यावर लिहिला, की खाली मान घालून बसायचा. गणित त्याला येत होते, गणिताचे वाक्य वाचता येत नव्हते.

यावर ताईने जे केले, ते तिचे स्वतःचे नाही, असे ती स्वतःच सांगते. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या मुलांसाठी १९९५ साली माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी ‘प्रथम’ ही संस्था सुरू केली. मूल कोणत्या इयत्तेत आहे हे दिवसातला काही वेळ विसरायचे आणि त्याला काय वाचता येते त्यावरून गट करायचे, ही त्यांची पद्धत आता पुष्कळ ठिकाणी वापरतात. ताईने प्रधानपाठकांकडून दुपारच्या जेवणाआधीचा एक तास मागून घेतला. जेवणाआधीचाच का? कारण जेवण झाल्यावर काही मुले घरी पळतात. त्या तासाला सहावी-सातवी-आठवी मिसळून बसत: अक्षरवाले, शब्दवाले, परिच्छेदवाले. आठवीचा तो मुलगा सहावीच्या मुलांबरोबर शब्दांच्या गटात बसायला तयार होईना. तेव्हा ताईने त्याला त्या गटाचा हिशेबनीस केले. रोज कोणी किती नवे शब्द वाचले, ते त्याने मोजायचे आणि लिहायचे. लिहायचे तर वाचावे लागतेच.

मी होतो त्या आठवड्यात सातवीतल्या एका मुलीच्या नावापुढे सलग अकरा दिवस ‘भा’ होते. संध्याकाळी आम्ही तिच्या घरी गेलो. पत्र्याची एक खोली, दाराशी पाण्याचे ड्रम. मुलगी दीड वर्षांच्या भावाला कडेवर घेऊन उभी होती. आई सेक्टरमधल्या चार घरी भांडी-फरशीचे काम करते आणि दोनला परत येते. तिने आम्हाला चहा दिला आणि ताईला सरळ विचारले, “मैडम, मी काम सोडू, की ही शाळा सोडू, तुम्हीच सांगा.” अंगणवाडीत तीन वर्षांच्या पुढची मुले बसवतात, हा दीड वर्षाचा. ताई लगेच काही बोलली नाही. परत येताना स्कूटीवरही नाही. दुसऱ्या दिवशी तिने प्रधानपाठकांना विचारले, की ती मुलगी भावाला घेऊन वर्गात बसली तर चालेल का. ते म्हणाले, “अधिकारी आले तर?” मग थोडे थांबून म्हणाले, “आले तर मी बोलेन.” शनिवारी ती मुलगी भावासह आली. तो अर्धा तास रडला आणि मग माझ्या बुटाच्या नाड्या सोडत बसला.

त्याच आठवड्यात घरी एक पत्र आले होते. ताईने आधी दिलेल्या दुसऱ्या एका परीक्षेचा निकाल लागला होता. रायपूरला कार्यालयातली नोकरी, टेबल-खुर्ची, आवाज बसण्याची भीती नाही. पंधरा दिवसांत रुजू व्हायचे होते. आईचे म्हणणे होते की जावे. शिक्षकाच्या नोकरीत परिवीक्षेची तीन वर्षे, तोवर पगारही पूर्ण नाही. शिवाय तिची तब्येत उतरली होती, ते तर मलाही दिसत होते. बाबा म्हणाले, “तुझं तू ठरव, पण रागाच्या भरात ठरवू नको आणि दयेपोटीही नको.” दोन रात्री घरात कोणी धड जेवले नाही. तिसऱ्या दिवशी ताईने आईला सांगितले, “माझ्याआधी ही जागा दीड वर्ष रिकामी होती. मी गेले तर पुढची मॅडम कधी येईल, कुणाला माहीत? तोवर आठवीची मुलं निघून जातील. निदान ही तुकडी पुरी करते.” आई काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी तिने ताईच्या डब्याबरोबर ज्येष्ठमधाची पुडी ठेवली. ताईने रायपूरची तारीख जाऊ दिली.

सैन्याधिकारी कसा असावा, यावर आपण व्याख्याने ऐकतो. आपली तुकडी पूर्ण ठाऊक असलेला, असे त्यात नेहमी असते. माझ्या ताईच्या खांद्यावर फीत नाही, तिला कोणी सॅल्यूट करत नाही आणि तिची तुकडी रोज सकाळी स्वतःहून गोळा होत नाही. तरी ‘तुकडी ठाऊक असणे’ म्हणजे काय, हे मी त्या शंभर पानी वहीत पाहिले.

आता दर रविवारी फोनवर ती मला आकडे सांगते. सातवीत ५८ पैकी ४० च्या पुढे येऊ लागली आहेत. धान कापायला गेलेली बहुतेक मुले परतली. भावाला घेऊन येणारी मुलगी आठवड्यातून तीन-चार दिवस येते. तो आता चालायला लागल्यामुळे ताईची पंचाईत वाढली आहे. मात्र आठवीचा हिशेबनीस डिसेंबरपासून आलेला नाही. घराला कुलूप आहे. शेजारी दोन वेगवेगळ्या गावांची नावे सांगतात. वहीत त्याच्यापुढे पुन्हा प्रश्नचिन्ह आले आहे. ताई तीन रविवार बाजारात जाऊन आली, पण गाडा दिसला नाही.

सुपेल्याचा बाजार मोठा आहे आणि एका माणसाला तो एका फेरीत पाहून होत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी पोहोचल्यावर पहिल्या रविवारी मी ताईबरोबर जाणार आहे. ती एका टोकाकडून सुरुवात करील, मी दुसऱ्या. त्याला मी ओळखतो.