कोंबडी, सळई आणि मोटर

अमरकोशात शिजवलेल्या मांसाला, ते कसे शिजवले यावरून, वेगवेगळी नावे आहेत. भांड्यात शिजवले तर उख्य किंवा पैठर. सळईला टोचून भाजले तर शूल्य, शूलाकृत किंवा भटित्र. संस्कृत घेऊन एम.ए. करताना मी ही नावे पाठ केली आणि परीक्षा झाल्यावर बरोबरीच्या सगळ्यांप्रमाणे त्यांना रजा दिली. पुढे केव्हातरी कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराचा ‘मानसोल्लास’ चाळण्याचा योग आला. बाराव्या शतकातला हा राजा राज्यकारभार, हत्ती, घोडे आणि रत्ने यांच्या जोडीने स्वयंपाकावरही मन लावून लिहितो आणि निखाऱ्यावर सळईने मांस भाजणे त्याच्याही यादीत आहे. कल्याणी म्हणजे बिदर जिल्ह्यातले आजचे बसवकल्याण. तेव्हा हा प्रकार विलायती नव्हे, आपल्या सीमाभागात राजाच्या पंगतीला बसून गेलेला आहे, एवढे मनाशी नोंदवून मी पुस्तक मिटले.

ते शब्द पुन्हा जिभेवर आले ते २०२३च्या मे महिन्यात, शिकागोच्या एका उपनगरातल्या अवाढव्य दुकानात. शाळेला उन्हाळ्याची सुटी होती आणि धाकट्या भावाने तिकिटे पाठवली होती. तो २००५ साली तिकडे गेला. आम्ही उभयता प्रथमच जात होतो.

तिकडे मे महिना म्हणजे शेगड्यांचा हंगाम. महिन्याच्या शेवटच्या सोमवारी त्यांचा मेमोरियल डे असतो, आणि त्याच्या आधीच घराघरांच्या मागल्या अंगणात कोळसा पेटू लागतो. भावाकडे झाकणाची गोल शेगडी आहे, खाली अर्धा गोल, वर अर्धा गोल, तीन पायांवर उभी. हिचा जन्म शिकागोचाच. तिथल्या वेबर ब्रदर्स या कारखान्यात पाण्यावर तरंगणारे धातूचे बोये होत. तिथे काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफन या गृहस्थाने १९५२च्या सुमारास असाच एक गोळा मधोमध कापून त्याची शेगडी केली. उघड्या शेगडीवर वारा आणि राख यांनी तो वैतागला होता म्हणतात. वैतागातून आलेले शोध टिकाऊ असतात, असे माझे एक जुने मत आहे.

या शेगडीवर आजवर भाऊ कोंबडीचे तुकडे भाजत असे. आता त्याला अख्खी कोंबडी सळईवर फिरवायची होती. त्यासाठी वेगळा जोड मिळतो, त्याला तिकडे रोटिसेरी म्हणतात. शेगडी आणि झाकण यांच्यामध्ये बसणारे एक पत्र्याचे कडे, त्याच्या खाचांत आडवी टेकणारी सळई, कोंबडीला दोन्हीकडून घट्ट धरणारे काटे आणि कड्याच्या बाहेर लटकणारी छोटी मोटर. चार वस्तू! पण दुकानात तासभर उभे राहिल्यावर लक्षात आले, की प्रत्येक वस्तूत निवडीला जागा आहे.

कडे शेगडीवर घट्ट बसले पाहिजे. फट राहिली तर हवा आत शिरते आणि खालची भोके बंद करूनही निखारे भडकत राहतात. सळई चौकोनी किंवा षटकोनी असते, म्हणजे काटे तिच्याभोवती गरगरत नाहीत. बारीक सळई वजनाने मध्ये वाकते, आणि वाकलेली सळई फिरू लागली की कोंबडी झोके घेते. काट्यांचे स्क्रू ताप लागला की सैल पडतात, म्हणून ते हाताने नव्हे, पकडीने आवळता येतील असे असावेत. धुरावर संथपणे शिजवणाऱ्या उंच शेगड्यांनाही असा जोड बसतो. पण तिथली आच मंद असल्यामुळे कोंबडीची कातडी कुरकुरीत न होता चिवट राहते, तेव्हा तो विचार आम्ही तिथेच सोडला.

मोटरच्या खोक्यावर ती किती वजन पेलते ते मोठ्या अक्षरांत छापलेले असते आणि गिऱ्हाईक तेवढेच वाचते. खरे म्हणजे तो आकडा अर्धाच उपयोगी. मोटरला वजन उचलायचे नसते. वजन सळईच्या खाचांवर टेकलेले असते. मोटरला झगडावे लागते ते तोल गेलेल्या वजनाशी. दोन किलोच्या कोंबडीचा भार सळईपासून दोन सेंटिमीटर बाजूला पडला, तर मोटरवर चार किलो-सेंटिमीटरचा ताण येतो. चार किलोची कोंबडी बरोबर मधोमध ओवली, तर ताण जवळजवळ शून्य. म्हणजे हलकी पण कलंडलेली कोंबडी मोटरला जड, आणि भारी पण तोललेली कोंबडी हलकी. आठवीच्या वर्गात मी दर वर्षी बदली तासाला सी-सॉ काढून हेच समजावतो. फळ्याऐवजी कोंबडी असती तर अधिक मुले पास झाली असती.

यावर उपाय म्हणून सळईला उलट बाजूला बांधायचे एक वजन मिळते. अर्धा किलोचे वजन आठ सेंटिमीटरवर ठेवले की ते चार किलो-सेंटिमीटर फिटतात. ते खोक्यात बहुधा नसते, निराळे घ्यावे लागते. मी म्हटले, दुसरे काही नको असेल तर नको, पण हे घे.

इथवर सगळे सोपे होते. शेवटी दोन खोकी उरली. एकात बारीक सळई, मुलाम्याचे काटे आणि टॉर्चच्या मोठ्या सेलवर चालणारी मोटर. दुसऱ्यात जाड षटकोनी सळई, स्टेनलेस स्टीलचे कडे आणि विजेची मोटर. किंमत जवळजवळ दुप्पट. भाऊ पहिले खोके हातात घेऊन उभा होता.

“दादा, हा सेलवर चालतो. खानापुरातही चालेल. तो दुसरा १२० व्होल्टचा आहे. आपल्याकडे २३० ला लावला की धूर.”

“ट्रान्स्फॉर्मर मिळतो की.”

“मिळतो. पण तिकडं पन्नास सायकल, इकडं साठ. हळू फिरेल.”

कोंबडीने त्याबद्दल तक्रार केली नसती. भाऊ इंजिनियर आहे. हे त्यालाही कळत होते.

इथे थोडे मागे जायला हवे. निघताना आईने लोणच्याच्या बरणीबरोबर एक प्रश्नही बांधून दिला होता. “कायमचा कधी येतोस, विचार त्याला. फोनवर हसण्यावारी नेतो. समोर बसवून विचार.” प्रश्न नुसता मायेचा नव्हता. आमच्या खानापूरच्या घरात माडीवरच्या दोन खोल्या त्याच्या म्हणून ठेवलेल्या. तिथला पाऊस ठाऊक असलेल्यांना सांगायला नको. दर वर्षी त्या गळत, दर वर्षी कौले चाळून आम्ही वेळ मारून नेत असू. तो येणार असेल तर त्याच्या मनासारखे बांधकाम, नसेल तर वर पत्रे. अठरा वर्षे दोन्ही झाले नव्हते.

आणि त्याच्या शिकागोच्या घरातही तेच. जेवणाचे टेबल घडीचे. पुस्तकांना कपाट नाही, खोकी. शेगडीसुद्धा गाव सोडून जाणाऱ्या शेजाऱ्याची जुनी घेतलेली. काही विकत घेण्याची वेळ आली की तो म्हणे, “जायचंच आहे परत, कशाला भारी?” त्याचा मुलगा तिकडेच जन्मला, चौदा वर्षांचा झाला, आणि त्याची उंची घडीच्या टेबलापलीकडे गेली. आम्हा सीमेवरच्या लोकांना दोन्हीकडे चालणाऱ्या वस्तूचे आकर्षण जरा जास्तच, हे मी समजू शकतो. पण दोन्हीकडे चालणारी ती मोटर दोहींकडे कमजोरच होती.

पुतण्या मध्येच म्हणाला, “बाबा, चिकन होण्याच्या आत सेल संपले तर?”

भाऊ माझ्याकडे पाहत होता. वर्गात मूल उत्तरापाशी येऊन थांबले की आपण बोलू नये, हा माझा शिरस्ता. त्या दिवशी तो मोडला.

“जेवणार तू इथं,” मी म्हणालो. “इथल्या विजेचा घे.”

त्याने पहिले खोके फळीवर परत ठेवले. ठेवायला जरा वेळ लागला.

रविवारी कोंबडी चढली. पाय आणि पंख दोऱ्याने आवळून बांधले, सळई ओवली आणि मोटर न लावता नुसती खाचांत टेकवली. जड बाजू आपोआप खाली आली. तिच्या बरोबर विरुद्ध अंगाला वजन आवळले. पुतण्या ते एकेक बोट सरकवीत होता. शेवटी कशीही सोडली तरी कोंबडी तशीच राहू लागली, तेव्हाच मोटर जोडू दिली. निखारे दोन बाजूंना, मधे चरबी गळायला पत्र्याचा ट्रे, वर झाकण. कोंबडी फिरत असली की तिची चरबी खाली थेंबून न जाता अंगावरूनच फिरत राहते, आणि कोरडेपणा येत नाही. सळईची सगळी करामत एवढीच.

या फिरवण्यासाठी माणसाने काय काय केले आहे! इंग्लंडमध्ये श्रीमंतांच्या मुदपाकखान्यात पोरे आगीपुढे बसून सळई फिरवीत. पुढे आखूड पायांची कुत्री भिंतीवरच्या चाकात घालून पळवीत. त्या जातीचा पेंढा भरलेला एक कुत्रा वेल्समधल्या ॲबरगव्हेनीच्या संग्रहालयात आहे. लिओनार्दो दा व्हिन्चीने धुराड्यातल्या गरम हवेने फिरणाऱ्या सळईचे चित्र काढून ठेवले. आच जितकी जास्त तितकी सळई वेगाने फिरावी, अशी ती योजना. आमच्यापुढे मिनिटाला चार-पाच फेऱ्यांची मोटर गुणगुणत होती, आणि सव्वा तास कोणालाच काही काम नव्हते.

“माडीच्या खोल्यांचं काय करायचं म्हणतोस?” भावानेच विचारले.

“पत्रे घालतो. शाळेत दोन नवे शिक्षक आलेत, त्यांना जागा हवी आहे.”

“घाल. पैसे मी पाठवतो.” मग थोड्या वेळाने, “आईला तू सांगशील?”

“सांगतो.”

मांडीच्या आत काटा खुपसला तेव्हा तापमान ७४ अंशांवर गेले होते. तिकडच्या सरकारी नियमाप्रमाणे कोंबडी तयार. दहा मिनिटे तशीच ठेवून मग कापली. माझ्या भावजयीने कोल्हापुरी मसाला कातडीखाली भरला होता, वर लावला असता तर करपला असता. हाडापाशीसुद्धा रस होता.

परत आल्यावर दुसऱ्या दिवशी आईला सरळ सांगितले, की तो तिथेच राहणार. ती तांदूळ निवडत होती. “बरं,” म्हणाली. ताट संपेपर्यंत काही बोलली नाही. मग म्हणाली, “पावसाच्या आधी पत्रे होतील का?” पहिल्या सरीला थोडे राहिले होते, बाकीचे झाले. शिक्षक गणपतीनंतर राहायला आले.

भावाचा फोन पूर्वीसारखाच रविवारी येतो. मध्यंतरी त्याने बोकडाची अख्खी मांडी फिरवायची ठरवली. ती एका टोकाला जाड, दुसऱ्याला बारीक. वजन नेमके कुठे बांधावे हे पुतण्याने मला विचारले. हाडाला समांतर ओवायची, जाड टोकाला काटे खोल घालायचे, आणि आधी मोटरशिवाय टेकवून पाहायची, एवढे सांगितले. वजन अर्धा किलोचे पुरले नाही, दुसरे आणावे लागले.