बाबांकडे शब्द होते

आम्ही इंदूरचे, रामबागेतले. आजोबा होळकरांच्या चाकरीला आले ते इथलेच होऊन गेले. घरात मराठी, फाटकाबाहेर हिंदी. गल्लीत बाबांची ओळख म्हणजे गणपतीतली अथर्वशीर्षाची आवर्तनं. एकवीसच्या एकवीस एका लयीत म्हणायचे, कुठे घाई नाही.

सहा वर्षांपूर्वी एका सकाळी बाबा उठले ते भिंत धरूनच. चक्कर, उलट्या. तोंड वाकडं नाही, हातपाय हलताहेत, म्हणून आम्हाला वाटलं पित्त झालं. आलं-लिंबू देत बसलो. दुपारी जीभ जड झाली तेव्हा कुठे दवाखान्यात धावलो. एमआरआयमध्ये निघालं की गुठळीने रक्त अडून लहान मेंदूचा, म्हणजे अनुमस्तिष्काचा, एक भाग गेलाय. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आमची वेळ टळून गेली होती. ते आलं-लिंबू मला अजून टोचतं.

बाबा वाचले, काठीने चालायलाही लागले. बोलणं मात्र बदललं. "म-ला पा-णी दे." एकेक अक्षर सुटं, मधेच एखादं एकदम मोठ्याने, पुढचं लडबडलेलं. त्यात चालताना झोक जायचा. एकदा कोपऱ्यावरच्या दुकानात एक पोरगा हसून म्हणाला, "अंकलजी तो सुबह से टुन्न हैं!" जन्मात दारूला न शिवलेला माणूस. त्या दिवसापासून बाबांनी फाटकाबाहेर जाणं सोडलं.

स्पीच थेरपिस्ट ताईंनी नीट समजावलं. याला अटॅक्सिक डिसआर्थ्रिया म्हणतात. शब्द, व्याकरण, आठवण, सगळं शाबूत असतं. श्वास, गळा, जीभ, ओठ यांचा मेळ घालून प्रत्येकाला वेळेवर हलवायचं काम लहान मेंदूचं. तो दुखावला की ताल जातो. पहिल्या महायुद्धात डोक्याच्या मागच्या बाजूला गोळी लागलेल्या सैनिकांना तपासून गॉर्डन होम्स या इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी १९१७ साली हीच लक्षणं लिहून ठेवली होती, हे मी नंतर वाचलं.

ताईंनी सराव दिला: आधी पुरता श्वास, एका श्वासात दोन-तीनच शब्द, आणि प्रत्येक अक्षराला मांडीवर बोटाने ठेका. बाबा रोज करायचे. मी मात्र घाई करायची. त्यांचं वाक्य मीच पुरं करून टाकायची, मदत म्हणून. एक दिवस त्यांनी माझा हात धरला. "श-ब्द आ-हेत मा-झ्या-क-डे. तू थांब." मला रडूच आलं. दुकानातल्या पोराने एकदा अपमान केला होता, मी रोज करत होते.

मग थांबायला शिकले. त्या पोरालाही जाऊन सांगितलं. तो ओशाळला. आता बाबा दिसले की स्टूल पुढे करतो आणि ऐकून घेतो.

यंदा गणपतीत बाबांनी घरीच एक आवर्तन म्हटलं, मांडीवर ठेका धरून. पूर्वी तेवढ्या वेळात पाच झाली असती. कोणी त्यांच्या पुढे गेलं नाही.

म्हणून सांगते, एकाएकी तोल गेला, चक्कर-उलट्यांबरोबर बोलणं लडबडलं, तर पित्त म्हणून घरी बसू नका, लगेच मोठा दवाखाना गाठा. आणि असं बोलणारं कोणी भेटलं तर वास घेऊ नका, वाक्य पुरं करू नका. जरा थांबा.