आजीच्या माहेरचा नाका

पुण्याहून बहीण आणि भाचा आले की त्यांना वेरूळ दाखवणे हे आमचे ठरलेले कर्तव्य. छत्रपती संभाजीनगरात राहण्यावरचा तो एक करच समजा! गेल्या दिवाळीत गाडी नगर नाका ओलांडून छावणीत शिरली, तेव्हा भाच्याने विचारले, "मामा, ही छावणी कोणत्या लढाईची?"

मराठीच्या मास्तरला इतिहास विचारू नये. पण या प्रश्नाचे उत्तर आमच्या घराशीच येऊन भिडते. वेरूळ झाले आणि दुसऱ्या दिवशी मी त्याला घेऊन असईला गेलो.

असई हे जालना जिल्ह्यातले लहानसे गाव. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात शेते पसरलेली. कपाशी फुटलेली होती; बांधावर एक म्हातारबाबा बैल सोडून विडी ओढत बसले होते. २३ सप्टेंबर १८०३ रोजी इथे आर्थर वेलस्लीने शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांचा पराभव केला. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा तो हाच. त्याचीही दीड हजारांवर माणसे इथे मेली किंवा जखमी झाली.

"एवढ्याशा जागेत?" भाचा म्हणाला. "आणि मग इंग्रज परत गेले?"

तेच तर झाले नाही. भोसल्यांकडून घेतलेला वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड इंग्रजांनी १८०४ साली दोस्त म्हणून निझामाला दिला. दोस्ताच्या मुलखात फौज मात्र राहिली. तैनाती फौज तर होतीच. तिच्या खर्चापोटी निझामाने १८०० सालीच बेल्लारी-कडप्प्याकडचा मुलूख तोडून दिला होता. तिच्या जोडीला आता 'कंटिंजंट' नावाची दुसरी फौज उभी राहिली. नाव निझामाचे, पगार निझामाचा, अधिकारी इंग्रज आणि हुकूम रेसिडेंटचा. औरंगाबाद, हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आपले अंबाजोगाई, एलिचपूर, अशा तिच्या छावण्या पडल्या.

१८०० च्या करारात निझामाने लढाईच्या प्रसंगी सैन्य द्यावे, एवढेच होते. १८१८ साली पेशवाई बुडाली, पेंढारी संपले. आसपास लढायला कोणी उरले नाही. तरी फौज उभीच. तिचा खर्च वर्षाला चाळीस लाखांच्या घरात. पाहुण्याने आपल्या घरी मुक्काम ठोकावा, स्वतःचा आचारी आणावा, त्याचा पगार आपण द्यावा आणि तो थकला की पाहुण्यानेच आपल्याला व्याजाने पैसे द्यावेत, तसला हा संसार. कंपनीलाही ती मोडवेना. निझामाच्या पैशावरची ही माणसे १८१७ साली महिदपूरला होळकरांवर उपयोगी पडली होती. पुढे १८५८ साली झाशीलाही पडली. अशी फुकटची फौज कोण सोडील? शेवटी हैदराबादशी कसे वागायचे, हे कलकत्त्याचे सरकार त्या पगारपत्रकावरूनच ठरवू लागले. थकबाकी वाढली, आणि २१ मे १८५३ रोजी डलहौसीने कंटिंजंटच्या खर्चासाठी वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब लिहून घेतले. धाराशिव आणि रायचूर १८६० साली परत मिळाले, वऱ्हाड नाही. सालारजंगाने दिवाणगिरीची तीस वर्षे त्यासाठी खटपट केली. १८७६ साली तो लंडनलाही जाऊन आला. १९०२ साली कर्झनने वर्षाला पंचवीस लाखांवर वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेऊन टाकला.

शिपायांनाही हे सारे मान्य होते असे नाही. जून १८५७ मध्ये औरंगाबादच्या छावणीतले घोडेस्वार बिथरले. निझामाच्या मुलखाबाहेर, दिल्लीच्या बादशहाविरुद्ध आम्ही जाणार नाही, हे त्यांचे म्हणणे. पुण्याहून जनरल वुडबर्न आला आणि शिक्षा झाल्या. क्रांती चौकातला काळा चबुतरा त्याच शिक्षांची जागा म्हणून लोक दाखवतात. रोज त्यावरून जाताना सिग्नलकडे बघायचे, की तिकडे?

जपानची गोष्ट मुलांनी पुस्तकात वाचलेली असते. ओकिनावा अमेरिकेने १९७२ साली परत केले, पण तळ तिथेच राहिले आणि त्यांच्या खर्चाचा मोठा वाटा आज जपान उचलतो. ते वाचताना मला वऱ्हाड आठवतो.

आठवणारच. माझी आजी हिंगोलीची, आजोबा वाशीमचे. मधले अंतर एका सकाळच्या गाडीवाटेचे. पण हिंगोली मोगलाईत आणि वाशीम १८५३ पासून इंग्रजांकडे. आजोबा मराठी शाळेत शिकले. आजीच्या भावांनी हायस्कूल उर्दूतून केले. त्यातला थोरला म्हातारपणीही पाढे उर्दूतच म्हणे, आणि आम्ही पोरे हसत असू. आज त्या हसण्याची लाज वाटते. आजी माहेरी निघाली की वाटेत निझामाची करोडगिरी लागे. तिथे गाठोडे सोडून दाखवावे लागे. "लुगडी नवी का जुनी, हे पण पुसायचे रे मेले!" असे ती सांगायची. वऱ्हाड, मोगलाई हे शब्द तिच्या तोंडून कधी गेले नाहीत. १९४८ साली निझामाचे राज्य संपले, १९५६ साली मराठवाडा आणि विदर्भ एका राज्यात आले. तिची भाषा तशीच राहिली.

परतताना गाडीत मी हे सांगितले. भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, तो नाका कुठे आहे?"

हिंगोली-वाशीम रस्त्यावर, पैनगंगेच्या अलीकडे. गाडी अडवायला आता तिथे कोणी नसते. पण गावाचे नाव अजून कनेरगाव नाकाच आहे. पुढच्या दिवाळीत वेरूळ नको, तिकडे जाऊ, असे ठरले आहे.