पांढरा साका

समुद्राकडे पाहण्याच्या दोन रीती आपल्या परिचयाच्या आहेत. काठावर उभ्या असलेल्या माणसाला लाटा, क्षितिज आणि मावळतीचे रंग दिसतात. साहित्यातला समुद्र बहुतांशी या माणसाचा आहे. पाण्यावर ज्याचे पोट आहे त्या कोळ्याला उधाण आणि भांग, वारा आणि तळ कळावे लागतात; तो खोली वावांत मोजतो आणि जाळे टाकण्यापूर्वी पाण्याचा रंग वाचतो. तिसरी रीत त्या मानाने अलीकडची. समुद्राला प्रश्न विचारायचा, त्याचे उत्तर बाटलीत भरून घ्यायचे आणि ते जसे मिळाले तसे लिहून ठेवायचे, ही ती रीत होय. ऐकायला ती सोपी वाटते. तिच्यातले 'जसे मिळाले तसे' हे शब्द किती अवघड आहेत, हे मात्र जहाजावर गेल्यावाचून समजत नाही.

या रीतीचा पाया घातला तो 'चॅलेंजर' या ब्रिटिश जहाजाने. डिसेंबर १८७२ मध्ये निघालेले हे जहाज मे १८७६ मध्ये परतले, तेव्हा त्याने जगभरच्या समुद्रांत ३६२ ठिकाणी थांबून निरीक्षणे केलेली होती. हिंदी महासागराची पाळी बरीच उशिरा आली. १९५९ ते १९६५ या काळातील आंतरराष्ट्रीय मोहिमेनंतर १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली आणि पुढे गोव्यातील दोना पावला हे तिचे घर झाले. 'गवेषणी', १९८३ साली आलेली 'सागर कन्या', २०१४ साली दाखल झालेली 'सिंधु साधना' अशा जहाजांवर विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या हाताने काम करायला शिकल्या.

अशाच एका सफरीवर निघालेली विद्यार्थिनी डोळ्यांसमोर आणावी. ती बीड जिल्ह्यातील आहे. तिच्या गावी उन्हाळ्यात पाणी टँकरने येते आणि घागरींनी मोजले जाते. पाणी मोजण्याची सवय तिला उपजत आहे असे म्हटले तरी चालेल. अथांग पाण्याची मात्र नाही. मुरगाव बंदर मागे पडल्यावर पहिले दोन दिवस ती डोके वर उचलू शकत नाही. तिसऱ्या दिवशी उठते ती बरे वाटते म्हणून नव्हे, तर रात्री दोनच्या पाळीत तिचे नाव लागले आहे म्हणून. जहाज नियोजित ठिकाणी थांबते तेव्हा दिवस आहे की रात्र, हे कोणी पाहत नाही.

पोलादी तारेच्या टोकाला एक सांगाडा असतो. त्यावर वर्तुळाकार बसवलेल्या बाटल्या आणि क्षारता, तापमान व खोली सांगणारी उपकरणे. तो सांगाडा उघड्या बाटल्यांसह हजार-दीड हजार मीटर खाली जातो आणि वर येताना ठरलेल्या खोलीवर एकेक बाटली बंद केली जाते. सांगाडा डेकवर टेकला की पहिला मान प्राणवायूच्या नमुन्याचा; हवा लागली की तो बिघडतो. विंकलर या हंगेरियन रसायनज्ञाने १८८८ साली दिलेली पद्धत आजही मूलतः तीच आहे. नळी काचेच्या कुपीच्या तळाशी टेकवायची, पाणी काठोकाठ भरून वाहू द्यायचे, नळी हळूच काढायची, मँगनीजचा क्षार आणि अल्कधर्मी आयोडाइड पृष्ठभागाखाली सोडायचे, बूच लावून कुपी हलवायची. प्राणवायू असेल तर साका तपकिरी होतो, नसेल तर पांढरा राहतो.

अरबी समुद्रात हा पांढरा साका मुद्दाम पाहण्यासारखा असतो. सुमारे दीडशे मीटरांपासून हजार मीटरांपर्यंत तेथे प्राणवायू अत्यंत कमी असतो. वरच्या प्रकाशित थरात जीवन विपुल. ते मरून खाली झिरपते, त्याच्या कुजण्यात प्राणवायू खर्च होतो आणि त्याची भरपाई मंद गतीने होते. १९३३-३४ साली 'मबाहिस' या इजिप्शियन जहाजावरील मोहिमेला या प्राणवायूहीन पाण्याची चाहूल लागली होती.

त्या रात्री तीनशे मीटर खोलीच्या कुपीत साका किंचित तपकिरी उतरला. वरच्या आणि खालच्या, दोन्ही कुप्यांतला पांढरा. दिव्यासमोर धरल्यावर तिला बुचाखाली मोहरीएवढा बुडबुडा दिसला. जहाज डोलले त्या क्षणी नळी बाहेर आली असावी. मूळ बाटली तोवर इतरांनी रिकामी केली होती आणि जहाज पुढच्या ठिकाणाकडे निघाले होते. त्या खोलीवर काय आकडा यायला हवा, हे तिला पाठ होते. वरच्या-खालच्या आकड्यांच्या मधला एक आकडा लिहिला असता तर आलेखाची रेषा गुळगुळीत झाली असती आणि कोणाच्या ध्यानातही आले नसते.

शेजारी नळ्या धूत असलेले वृद्ध गोवेकर तंत्रज्ञ एवढेच म्हणाले, "बाय, दर्या परत तेच पाणी देत नाही. काय झाले ते लिही."

जुन्या पोथ्यांचा अभ्यास करणाऱ्याला हा प्रसंग ओळखीचा वाटेल. अडाणी लेखनिकाच्या चुका सहसा ओळखू येतात. पाठाचा घात करतो तो शहाणा लेखनिक. दुर्बोध शब्द त्याला चुकीचा वाटतो आणि तो त्या जागी सुबोध शब्द बसवतो. ओळ अर्थपूर्ण होते, मूळ मात्र नाहीसे होते. आणि तिथे काही हरवले आहे हेही पुढच्या वाचकाला कळत नाही. अपेक्षित आकडा लिहिणारा विद्यार्थी समुद्राच्या पोथीत हेच करतो. समुद्र बदलत असतो. चाळीस वर्षांनी कोणी ही वही उघडील ते तो किती बदलला हे पाहण्यासाठी. तेव्हा खरी मोजलेली संख्या आणि सोयीची संख्या यांत भेद करण्याचे कोणतेही साधन त्याच्याजवळ असणार नाही.

तिने नोंदवहीत आकडा लिहिला, त्याच्यापुढे संशयाची खूण केली आणि कारण लिहिले: 'कुपीत बुडबुडा, चूक नमुना घेणाऱ्याची.' मग खाली आपली आद्याक्षरे घातली. हात थोडा कापला, तो लाटेने की लाजेने हे सांगता येणार नाही.

पहाटे पुढचे ठिकाण आले. या वेळी तिने नळी काढण्यापूर्वी जहाजाचा डोल मोजला: एक, दोन, आणि तिसऱ्या हेलकाव्याच्या आधीच्या स्थिर क्षणी हात वर उचलला. साका पांढराशुभ्र बसला. हा हिशेब कोणत्याही पुस्तकात नाही. तो हातात असतो, आणि हाताला तो समुद्रच शिकवतो.