आष्टीला या, हंगामात या!

मुंबईहून रात्री देवगिरी एक्स्प्रेस धरली की पहाटे परतूर येतं आणि तिथून माजलगावच्या रस्त्याला लागलं की आष्टी! बीडची नव्हे, वर्ध्याचीही नव्हे. ही जालना जिल्ह्यातली, परतूर तालुक्यातली आष्टी. एसटीच्या खिडकीतून मी नुसती बघत सुटले. काळीभोर रानं, फुटलेला कापूस, पिवळ्या फुलोऱ्यातली तूर, नुकती वर आलेली ज्वारी. डोंबिवलीत वाढलेल्या माझ्या डोळ्यांना एवढं मोकळं आभाळ पुरवून पुरवून बघावंसं वाटत होतं. स्वयंसेवी शिक्षिका म्हणून ऊसतोडीचा अख्खा हंगाम इथे राहायचं, या विचारानेच मी हरखून गेले होते.

खोली मिळाली एका आजींच्या वाड्यात. स्टोव्ह, चटई, पुस्तकांची पेटी, झाला संसार! संध्याकाळी मी डबा उघडते न उघडते तोच हाक आली, ‘‘येकटीनं जेवत नसतेत, माय. ये इकडं.’’ चुलीवरची ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि येसराची आमटी! अशी आमटी मी जन्मात खाल्ली नव्हती. दुसऱ्या दिवशी शेजारच्या घरून धपाटे आले, तिसऱ्या घरून तुरीच्या शेंगा. गावात कुणी मला ‘कुठल्या तुम्ही?’ असं विचारून थांबत नाही. आईवडील काय करतात, भावंडं किती, लग्न कधी, सगळं विचारून होतं आणि मग मी त्यांचीच होऊन जाते.

आजींशी बोलताना इतिहास असा पुढ्यात येऊन बसतो! त्यांच्या तरुणपणी परतूर तालुका परभणी जिल्ह्यात होता; 1 मे 1981 ला जालना जिल्हा झाला तेव्हा तो इकडे आला. त्यांच्या वडिलांनी तर निजामाचं राज्य पाहिलेलं. 17 सप्टेंबर 1948 हा मुक्तिदिन मी शाळेत दोन ओळींत वाचला होता. इथे तो एका घरातली आठवण आहे.

पण माझं खरं येणं मुलांसाठी. दिवाळी सरली की या भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी बिऱ्हाड बांधून कारखान्यांकडे जातात आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे होळी-पाडव्यापर्यंत, परतत नाहीत. नवराबायको मिळून एक कोयता. पोरं सोबत गेली तर शाळा सुटते, कारण दिवसभर धाकट्या भावंडाला सांभाळायचं असतं, पाणी भरायचं असतं. म्हणून जी घरं जमवू शकतात ती पोरांना आजीआजोबांकडे ठेवून जातात. याच मुलांसाठी शासनाची हंगामी वसतिगृहांची योजनाही आहे. इथे मागे राहिलेल्या मुलांचा संध्याकाळचा वर्ग, हे माझं काम.

आणि काय मुलं आहेत ही! पहिल्याच संध्याकाळी इयत्ता बाजूला ठेवून वाचनाप्रमाणे गट केले. कुणी अक्षरापाशी, कुणी शब्दापाशी, कुणी परिच्छेदापाशी, कुणी थेट गोष्टीपाशी. शिक्षणाच्या कामात ही पद्धत आता चांगली रुळली आहे आणि ती का रुळली ते मी डोळ्यांनी पाहिलं: चौथीतला मुलगा अक्षरांच्या गटात बसला, पण त्याला कुणी हसलं नाही, कारण प्रत्येकाला आपापलं पुढचं पाऊल दिसत होतं. मग मी फळ्यावर त्यांचेच शब्द लिहिले. कोयता, मोळी, पाचट, वाढं, कोपी, खेप. वर्गात एकदम गलका! प्रत्येक शब्दावर प्रत्येकाला काहीतरी सांगायचं होतं. सांगितलं ते लिहून काढलं आणि झाला आमचा पहिला धडा, त्यांनीच रचलेला.

गणिताला तर मी अक्षरशः नाचायची बाकी राहिले. जानेवारी 2024 मध्ये तोडणीचा दर टनाला 273 रुपयांवरून 366 झाला, हे माझ्या आधी मुलांना ठाऊक! मी विचारलं, समजा 50 हजारांची उचल आहे, तर ती फिटायला किती टन ऊस तोडावा लागेल? भागाकार नको म्हणणारी मुलं पाट्यांवर वाकली. 136 टन तोडूनही 224 रुपये उरतात, म्हणजे 137 टन. तेवढ्यात सातवीतली एक मुलगी म्हणाली, ‘‘बाई, आन् खाडे धरले का?’’ कामावर न गेलेल्या दिवसांचे पैसे वळते होतात, हे तिला पक्कं माहीत. त्या एका प्रश्नाने गणित खऱ्या जगाशी जोडलं गेलं आणि मला कळलं की या मुलीच्या डोक्यात आईवडिलांचा अख्खा हिशेब तयार आहे; तिला तो कागदावर मांडता आला, की उद्या तिच्या घराला कुणी फसवू शकणार नाही.

शिक्षणहक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. 6 ते 14 वयाच्या प्रत्येक मुलाचा हक्क त्यात लिहिलेला आहे. तो हक्क या गावांत प्रत्यक्ष टिकतो की निसटतो, ते ठरतं दिवाळी ते पाडवा याच महिन्यांत. तेव्हा सोबत बसणारं, वाचून घेणारं, पाठीवर थाप देणारं एक माणूस जरी जवळ असलं, तरी मूल शाळेत टिकतं, यावर माझा पूर्ण विश्वास बसला आहे.

म्हणून, ज्यांना कुणाला शिकवायची हौस आहे त्यांना माझं कळकळीचं सांगणं: उन्हाळ्याच्या सुट्टीची वाट पाहू नका, तेव्हा आईबाप परतलेले असतात आणि शाळाही बंद असते. हंगामात या. महिनाभर येता आलं तरी या. आष्टीला या, नाहीतर मराठवाड्यातल्या अशाच कुठल्याही गावाला जा. आधी गावातल्या शाळेच्या शिक्षकांना भेटा, त्यांना विचारून काम घ्या आणि येताना गोष्टींची पुस्तकं भरपूर आणा.