चिरंजीव काय करतात?

लग्नाच्या पंगतीत दोन प्रश्न चुकत नाहीत. पहिला, "जिलबी घेणार ना?" आणि दुसरा, "चिरंजीव काय करतात?" पहिल्याला मी कधी अडखळलो नाही. दुसऱ्याने मात्र २०१७ साली, पुतणीच्या लग्नात, माझी त्रेधा उडवली.

"धाकटा ना? इंजिनीयरिंगला आहे," मी शेजारच्या दूरच्या मामांना सांगून टाकले.

धाकटा मठ्ठ्याचे भांडे घेऊन मागेच उभा होता. त्याने मुकाट्याने माझी वाटी भरली आणि पुढच्या पानाकडे गेला.

खरी गोष्ट अशी, की तो आयटीआयमध्ये फिटरचे काम शिकत होता. दहावीनंतर दोन वर्षांचा अभ्यासक्रम. मी बँकेत चौतीस वर्षे खर्डेघाशी केलेला माणूस. आमच्या घरी पदवी म्हणजे पायांतली वहाण, तिच्यावाचून उंबरठा ओलांडायचा नाही! त्यातून पहिले काही महिने हा पठ्ठ्या नुसती कानस घासत होता. "लोखंडाचा ठोकळा घासणे याला का शिक्षण म्हणायचे?" असे मी हिला रोज ऐकवी. अर्थात त्याला ऐकू जाईल अशा बेताने.

लग्नाहून परतल्यावर रात्री तो ठोकळा घेऊन माझ्यापुढे बसला. त्यावर गुण्या टेकवला आणि दिव्यासमोर धरला.

"बाबा, मधून उजेड दिसतो का?"

"नाही."

"म्हणजे काटकोन बरोबर आहे. कुठे खोटे असेल, तर तिथून उजेड येतो. आमच्या कामात खोटे फार वेळ लपत नाही."

एवढेच बोलून तो झोपायला गेला. मला मात्र पहाटेपर्यंत डोळा लागला नाही.

मग मी जरा चौकशीला लागलो. कारखान्यात उमेदवारी करण्याची सोय शिकाऊ उमेदवार कायद्याने १९६१ सालीच करून ठेवली होती. तीस किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. वर विद्यावेतन! धाकट्याला २०१८ साली महिन्याला सातेक हजार मिळू लागले. त्याच वयात मी वडिलांकडे बसभाड्याचे पैसे मागत होतो.

आणि लक्ष्मणराव किर्लोस्कर? १९१० साली किर्लोस्करवाडी वसवणाऱ्या या माणसाजवळ इंजिनीयरची पदवी नव्हती. ते चित्रकला शिकायला मुंबईला गेले, रंगांची ओळख नीट पटत नाही म्हणून यंत्रांच्या आराखड्यांकडे वळले. त्यांचे नाव मी आयुष्यभर आदराने घेतले. फक्त घरातल्या पोराला त्यांच्या रांगेत बसवायचे मला सुचले नाही.

वाचकहो, सगळे गोडच झाले असे मी सांगणार नाही. उमेदवारी संपली की नोकरी मिळतेच असे नाही. मालकावर तसे बंधन नसते. धाकट्याने दोन वर्षे कंत्राटावर काढली. २०२० च्या टाळेबंदीत तर तो घरीच बसला होता. तेव्हा "पदवी असती तर..." हे वाक्य माझ्या जिभेवर आले होते. पण त्याच खोलीत पदवीधर पुतण्याही नोकरीवाचून बसलेला दिसला आणि मी ते गिळले.

२०२२ साली तो चाकणच्या एका कारखान्यात कायम झाला. आज त्याचा पगार पुतण्याहून चार हजारांनी अधिक आहे. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा फरक पकडणारा हात बाजारात सहज मिळत नाही, असे त्याचे साहेबच मला म्हणाले. पुढे शिकायचे झाले तर आयटीआयवरून पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. म्हणजे दार बंद झाले, हीही माझीच समजूत!

परवा एका मुंजीत तेच मामा भेटले. वय झाले आहे, पण प्रश्न तोच.

"धाकटा फिटर आहे," मी म्हणालो.

"म्हणजे इंजिनीयरच की!" मामांनी मला सांभाळून घेतले.

धाकटा याही वेळी वाढायलाच होता.

"नाही मामा," मी जरा मोठ्यानेच म्हणालो, "फिटर."

त्याने माझी वाटी मठ्ठ्याने काठोकाठ भरली आणि न विचारता पानात आणखी एक जिलबी टाकली.