दादाचा कीबोर्ड

हौसेखातर वाजवणाऱ्या माणसाच्या गळ्यात वर्कस्टेशन कीबोर्ड मारणाऱ्या दुकानदाराचा मला आजही राग येतो. दादा शाळेतून निवृत्त झाला तेव्हा त्याची इच्छा साधी होती. जुनी हिंदी गाणी आणि भावगीतं वाजवायची, डाव्या हाताने कॉर्ड धरली की मागे ठेका आणि बास सुरू व्हायला हवा, आणि वहिनी गाणार. दुकानात त्याने हे स्वच्छ शब्दांत सांगितलं. मी शेजारीच उभा होतो.

ही मागणी सरळसरळ अरेंजर कीबोर्डची. यामाहाची पीएसआर किंवा कॉर्गची पीए मालिका याच कामासाठी आहे. स्टाईल निवडायची, डाव्या हाताने सी मेजर धरला की बास, गिटार, स्ट्रिंग्ज सगळे सीवर, एफ धरला की सगळे एफवर. इंट्रो, फिल-इन, एंडिंगला वेगळी बटणं. यामाहाच्या भारतासाठी काढलेल्या पीएसआर-आय ५०० मध्ये तर तबल्याचे आवाज आणि भारतीय स्टाईलही आहेत.

वर्कस्टेशनचं घराणं वेगळं. कॉर्गने १९८८ साली एम१ आणला, त्यात आवाज, ड्रम्स, इफेक्ट्स आणि ८ ट्रॅकचा सिक्वेन्सर एकाच यंत्रात होता. पुढे रोलँडचा एक्सपी-८०, यामाहाचा मोटिफ आले. यात बास स्वतः वाजवून नोंदवायचा, मग ढोलक, मग स्ट्रिंग्ज. एकावर एक थर चढवत गाणं बांधायचं. हे काम संगीत संयोजकाचं आहे.

दुकानदार म्हणाला, "अरेंजर मुलांसाठी असतो, सर. तुम्ही प्रोफेशनल घ्या." तिथल्या मुलाने एक बटण दाबलं आणि ढोलक, बास, बासरी असा सगळा वाद्यवृंद दणाणला. दादा हरखला. ते आधीच भरून ठेवलेलं डेमो गाणं होतं, आणि आवाज येत होता काउंटरखालच्या मोठ्या ॲम्पमधून. दोन्ही गोष्टी कुणी सांगितल्या नाहीत.

वर्कस्टेशन घेऊन घरी आलो, खोका उघडला, वायर लावली, स्क्रीन उजळला. पट्ट्या दाबल्या तर प्लॅस्टिकची टकटक तेवढी ऐकू आली. व्हॉल्यूम पूर्ण वर नेला, बंद करून पुन्हा चालू केलं, दुसऱ्या प्लगात लावून पाहिलं. शेवटी मी कीबोर्ड उचलून मागची बाजू पाहिली. डाव्या-उजव्या आउटपुटची दोन भोकं, हेडफोनचं एक. स्पीकर कुठेच नाही. बहुतेक वर्कस्टेशनना तो नसतोच. दुकानात फोन केला तर उत्तर आलं, "ॲम्प वेगळा घ्यावा लागतो, हे सगळ्यांना माहीत असतं." खोका उघडल्यामुळे बदलूनही मिळेना. त्या संध्याकाळी दादा हेडफोन लावून वाजवत बसला आणि वहिनी समोर नुसती बसून राहिली. ज्याच्या पेन्शनचे पैसे घेतले, त्याला एवढं एक वाक्य आधी सांगता येत नव्हतं?

अरेंजर मुलांसाठी असतो, हेही खोटं. यामाहाचा २०१७ चा जेनॉस हा स्टेजवर वाजणारा महागडा अरेंजरच आहे. त्यालाही अंगचे स्पीकर नाहीत, म्हणून नुसत्या प्रकारावर विसंबू नये.

पुढे ॲम्प आला आणि गोष्ट वेगळ्याच वळणाला लागली. दादाने मेट्रोनोम सातवर लावून रूपक स्वतः बोटांनी भरला, ती ती ना, धी ना, धी ना. एका ट्रॅकवर तानपुऱ्यासारखे सूर धरून ठेवले. आता रागावर बेतलेल्या चाली तो त्यावर वाजवतो. अशा चालींना दर मात्रेला कॉर्ड लागत नाही. अरेंजरच्या बास-गिटारची तिथे अडचणच होते, ते भाग बंद करून नुसता ऱ्हिदम ठेवावा लागतो. दादा म्हणतो, आता हा विकणार नाही. मलाही ते पटतं. पण हिंदी गाण्यांचा बेत मागे पडला, आणि वहिनीला हव्या त्या क्षणी काळी चारमध्ये गाणं सुरू करता येत नाही. आधी सगळं भरावं लागतं.

म्हणून कीबोर्ड घ्यायला निघालात तर एक गाणं ठरवून जा. डेमोचं बटण कुणाला दाबू देऊ नका. ॲम्पची वायर काढायला लावा आणि तेच गाणं स्वतःच्या हाताने वाजवून पाहा.